पेटी वाजवून पाहणारा माणूस

तळेगाव दाभाडेच्या बाजारात रविवारी सकाळी मासे घ्यायला येणाऱ्यांची एक ठरलेली रीत आहे. आधी नाकाने अंदाज घ्यायचा, मग बोटाने मासा दाबायचा, कल्ला उचलून आतला लाल रंग पाहायचा आणि शेवटी विक्रेतीला विचारायचे, ‘‘ताजा आहे ना?’’ या प्रश्नाला आजवर कोणी ‘नाही’ असे उत्तर दिल्याचे ऐकिवात नाही. तरीही आपण विचारतो. भाजीवाल्याला ‘वांगी किडकी नाहीत ना’ असे विचारतो, त्यातलाच हा प्रकार.

मी मात्र निवृत्तीनंतर दुसरेच काहीतरी करू लागलो आहे. विक्रेतीच्या पाठीशी ठेवलेल्या पांढऱ्या पेटीवर बोटांच्या पेरांनी टकटक करून पाहतो. पेटी कशी वाजते ते ऐकतो, झाकण नीट बसते का ते पाहतो आणि तळाच्या भोकातून पाणी वाहते आहे की आत साठले आहे, हे वाकून बघतो. एवढे होईपर्यंत आमच्या सौ. दोन पावले लांब, कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी, ओळख नसल्यासारख्या उभ्या असतात. त्यांचे काही चुकत नाही. सत्तरीकडे झुकलेल्या गृहस्थाने भर बाजारात थर्मोकोलच्या पेटीला कान लावावा, हे दृश्य काही शोभिवंत नव्हे.

पण ही खोड मला एका माणसाने लावली आणि तिच्यामागे माझी एक जुनी चूक आहे. बँकेतल्या नोकरीत चुका पुष्कळ होतात. बहुतेक चुका ऑडिटमध्ये सापडतात, त्यांचा खुलासा लिहून देता येतो आणि फाइल बंद होते. ही चूक कोणत्याच ऑडिटमध्ये सापडली नाही. नियमाप्रमाणे पाहिले तर ती चूक नव्हतीच.

गोष्ट १९८९ सालची. माझी बदली दापोली तालुक्यातल्या एका शाखेत झाली होती. मी देशावरचा, घरी मासे वर्ज्य. समुद्र पाहिला होता तो सहलीतला. तेथे गेल्यावर माझ्याकडे आले मच्छीमारांच्या कर्जाचे टेबल. संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर गेलो की समोर सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या बोटी आणि पोटापर्यंत पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या. बोटीतला माल छोट्या होड्यांतून गाड्यांपर्यंत, गाड्यांतून वाळूवर आणि वाळूवर लगेच लिलाव. हे सगळे पाहताना मला वाटे, की मासा पाण्यातून निघाला की थेट पैशात बदलतो. मधे काही घडत असेल, हे डोक्यातही आले नाही.

एक नाखवा अर्ज घेऊन आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. छोटी बोट, दोन सिलिंडरचे जुने इंजिन. नव्या इंजिनासाठी आणि जाळ्यासाठी कर्ज हवे होते. अर्जाच्या शेवटी एक ओळ होती : ‘मासे ठेवण्याची पेटी दुरुस्त करणे व मोठी करणे, सात हजार रुपये.’ मी त्याला विचारले, ‘‘नाखवा, पेटी आहे ना तुमच्याकडे?’’ तो म्हणाला, ‘‘आहे, पण पाणी प्याली आहे.’’ मला हे वाक्य कळले नाही. न कळलेल्या गोष्टीपुढे अधिकाऱ्याने काय करायचे असते, ते मला पक्के ठाऊक होते. मी ती ओळ लाल शाईने खोडली आणि समासात शेरा लिहिला : ‘अनुत्पादक खर्च. वगळावा.’ इंजिनाने मासे वाढतात, जाळ्याने वाढतात. पेटीने एक मासाही जास्त मिळत नाही. तर्क बिनतोड होता.

पावसाळा संपला. नारळी पौर्णिमा होऊन बोटी समुद्रात गेल्या. ऑक्टोबरातल्या एका उकाड्याच्या दुपारी नाखवा शाखेत आला. रांगेत उभा राहिला नाही. सरळ माझ्या टेबलापाशी येऊन त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यासमोर ठेवली आणि कागद उघडला. आत एक बांगडा होता. त्याने माझे बोट धरून माशाच्या पाठीवर दाबले. खळगा पडला आणि तसाच राहिला.

‘‘साहेब, हा तुमचा,’’ एवढेच म्हणून तो निघून गेला.

हकीकत नंतर खलाशांकडून कळली. नव्या इंजिनाने बोट नेहमीपेक्षा लांब गेली होती. बांगड्यांचा थवा लागला. साडेचारशे किलोच्या आसपास माल, म्हणजे त्या बोटीच्या मानाने दिवाळीच. पण लांब गेल्यामुळे परतीचा वेळही वाढला होता. पेटीतला बर्फ जाळे ओढेपर्यंत निम्मा उरला होता आणि परत येईपर्यंत त्याचे पाणी झाले. वरचे मासे बरे होते. मधले मऊ झाले होते आणि तळाचे आपल्याच वजनाखाली, मळक्या पाण्यात, पोट फुटून पडले होते. निम्म्याहून अधिक माल खारवणाऱ्या व्यापाऱ्याने मागितल्या भावाने उचलला. इंजिनाच्या कर्जाचा पहिला हप्ता थकला. तो बांगडा शिपायाने मागे नेऊन पुरला, पण शाखेतला वास दुसऱ्या दिवशीही गेला नाही. निदान मला तरी तो येत राहिला.

म्हणून पुढच्या रविवारी मी स्वतः त्याच्या दारात गेलो. माफी मागायला, असे लिहिले तर ते आता शोभेल, पण खरे नाही. वसुलीला गेलो होतो. त्याने हप्त्याचा विषय काढू दिला नाही. अंगणात उपडी घातलेली पेटी दाखवली. आंब्याच्या फळ्यांची, आतून पत्रा मारलेली, दोन फळ्यांच्या मधे थर्मोकोल. त्याने पेरांनी एका बाजूला टकटक केले. कोरडा, हलका आवाज आला. दुसऱ्या बाजूला केले. भिजलेल्या भिंतीवर वाजवावे तसा दबका आवाज. ‘‘इथे पाणी प्याली आहे,’’ तो म्हणाला. खालच्या कडेला त्याने खिळ्याने भोक पाडले, तेव्हा बराच वेळ बारीक धार लागून राहिली. पत्र्याच्या एका सांध्यातून बर्फाचे पाणी आत जात होते आणि थर्मोकोलमध्ये मुरत होते. कोरडे थर्मोकोल थंडावा राखते, कारण त्याच्या कणाकणात हवा कोंडलेली असते. हवेच्या जागी पाणी गेले की उष्णता सहज आत शिरते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पेटी पूर्वीइतकीच धडधाकट दिसते.

त्या दिवशी माझी शिकवणी सुरू झाली. नाखव्याकडून मी शिकलो आणि जे तो सांगू शकला नाही, ते पुस्तकांतून जमवले. बँकेच्या माणसाला हिशेबाची भाषा लवकर कळते, म्हणून हिशेबातच सांगतो.

मासा पाण्याबाहेर आला की त्याच्यावर जंतूंचे काम सुरू होते. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की नासण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. तीस अंशांच्या उन्हात जे काही तासांत घडते, त्याला शून्य अंशावर कित्येक दिवस लागतात. बर्फाची महती अशी, की एक किलो बर्फ वितळताना ऐंशी किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो आणि तोवर स्वतः शून्य अंशावरच राहतो. दहा किलो बांगडा तीस अंशांवरून शून्यावर आणायला गणिताने सुमारे तीन किलो बर्फ पुरतो. मग आपल्यासारख्या उष्ण हवेत माशाच्या वजनाइतकाच बर्फ घ्यावा, असे जाणकार का सांगतात? बाकीचा सात किलो बर्फ कुठे जातो? थोडा मासा थंडच ठेवायला लागतो आणि पुष्कळसा पेटीच्या भिंतींतून, सैल झाकणातून, तळाच्या उघड्या भोकातून आत येणारी उष्णता फेडण्यात संपतो. म्हणजे बर्फ हे भांडवल आणि पेटीतून होणारी गळती हे व्याज. पेटी जितकी वाईट, तितका व्याजाचा दर मोठा. मी त्या नाखव्याला बँकेच्या दराने कर्ज दिले आणि समुद्रातल्या सावकाराचा दर मात्र तसाच चालू ठेवला.

बांगडा, तारली, कुपा या माशांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. हे मासे वेळीच थंड केले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोके ठणकते. घरी आपण म्हणतो, ‘मासे बाधले.’ हे द्रव्य एकदा तयार झाले की तळून, उकळून जात नाही. सुगरण कितीही निगुतीने रांधो, बोटीवरची पहिल्या तासांतली हयगय तिला स्वयंपाकघरात भरून काढता येत नाही. तळेगावात बसून मासे खाणाऱ्यांचा कोकणातल्या पेटीशी संबंध येतो, तो असा.

उष्णता अडवून बर्फ जपण्याची विद्या काही नवी नाही. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, तरीही निघताना १८० टनांच्या घरात असलेल्या बर्फापैकी १०० टनांच्या आसपास बर्फ कलकत्त्याला उतरला. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला. ही किमया कोणत्या यंत्राची नव्हती. बर्फ लाकडाच्या भुशात घट्ट रचला होता आणि भुसा कोरडा राखला होता, एवढेच. कोकणातल्या जुन्या पेट्यांतही भुसा किंवा भाताचे तूस भरत असत. साहित्य बदलले, नियम तोच राहिला : मधली पोकळी भरा आणि ती कोरडी ठेवा.

तेव्हा पेटी विकत घेणे हा या कामाचा सोपा भाग. तिला जपणे आणि आपल्या बोटीला, आपल्या माशाला सोयीची करून घेणे, यातच खरे कसब आहे. त्या नाखव्याने दोन हंगामांत त्याच पेटीचे जे केले, ते मी जवळून पाहिले. दुरुस्तीसाठी पैसे मी शेवटी दिले. टिपणात ‘पेटी’ हा शब्द न वापरता ‘बोटीच्या उत्पादक साधनांचा अविभाज्य भाग’ असे लिहिले. वरिष्ठांनी एका शब्दाने विचारले नाही. शब्द जड असला की सही लवकर होते.

दुरुस्तीचा मुहूर्त मे महिन्यातला, मृगाच्या आत. एकदा पाऊस लागला, बोटी ओढून शाकारल्या, की पुढे हवेत इतका दमटपणा असतो की काहीच धड वाळत नाही आणि फायबरचे रेझिनही ओल्या लाकडाला धरत नाही. म्हणून पेटी आधी बोटीवरून उतरवायची, पत्रा काढायचा, भिजलेले थर्मोकोल निर्दयपणे फेकायचे आणि फळ्या आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवायच्या. ‘‘वाळली असे वाटले की आणखी दोन दिवस ठेवायची,’’ हे त्याचे वाक्य. मग नवे थर्मोकोल, फटी न ठेवता आणि एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत अशा बेताने बसवायचे. आतून पत्र्याऐवजी या खेपेला त्याने काचतंतूंची चटई आणि रेझिन यांचा एकसंध लेप दिला. सांधाच नाही, तर पाणी शिरणार कुठून? कोपरे मात्र त्याने गोल केले. काटकोनात घाण अडकते आणि घासणाऱ्याचा हात पोचत नाही.

पुढचे बदल अनुभवातून आले. एका मोठ्या पोकळीचे त्याने फळ्या सरकवून तीन कप्पे केले. झाकणही एकच न ठेवता दोन भागांत केले. लागेल तेवढाच कप्पा उघडायचा, म्हणजे सगळ्या पेटीचा थंडावा एका वेळी निघून जात नाही. तळाशी पट्ट्यांची जाळी टाकली. वितळलेले पाणी खाली उतरते, मासे त्यात बुडून राहत नाहीत. ते पाणी माशांवरून ओघळावे, त्यांना धुवावे, थंड करावे आणि निघून जावे. भोक काढायचे ते पेटीच्या मागच्या कोपऱ्यात. बोट चालताना मागच्या बाजूला दबते, पाणी तिकडेच धावते. भोकाला लाकडी बूच. मधल्या उंचीवर एक फळी, कारण मासे फार उंच रचले की खालचे चेंगरतात. झाकणाच्या कडेला ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी. बाहेरून पांढरा रंग, वर ओले गोणपाट आणि पेटीची जागा इंजिनापासून दूर.

जागेचा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. बर्फ आणि मासे भरलेली पेटी म्हणजे काही क्विंटलांचे वजन. ती उंचावर ठेवली किंवा एका कुशीला सरकली, तर लहान बोट कलंडू शकते. आत पाणी साठून हेलकावू लागले तर धोका आणखी वाढतो. नाखव्याच्या एका खलाशाने पेटी वीतभर उंच करायची सूचना केली होती. मालही जास्त मावला असता. नाखव्याने ती ऐकून घेतली आणि पेटी लांबीला वाढवली, उंचीला नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. ‘सुधारणा’ म्हणजे काय काय वाढवायचे, हे सगळ्यांना सुचते. काय वाढवायचे नाही हे कळायला समुद्रावर आयुष्य काढावे लागते.

आणि एक कप्पा त्याने खास बांगड्या-तारल्यांसाठी राखला. त्याचे बूच घट्ट लावून आत बर्फाचा चुरा आणि समुद्राचे स्वच्छ पाणी असे मिश्रण करायचे. जाळ्यातून आलेले मासे आधी त्यात सोडायचे. माशाला चहूबाजूंनी थंडगार पाणी लागते, तो झपाट्याने गार होतो. मग बाहेर काढून दुसऱ्या कप्प्यात बर्फाच्या थरांत रचायचा. जाताना बर्फ लाद्यांच्या रूपात न्यायचा, कारण मोठी लादी सावकाश वितळते. फोडायचा मात्र बारीक, मासे येण्याच्या बेताला. बर्फाचा मोठा खडा माशाला टोचतो आणि नीट चिकटतही नाही. परतल्यावर पेटी समुद्राच्या पाण्याने घासायची, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवायची आणि झाकण उघडे टाकून वाळवायची. बंद पेटीचा कुबट वास पुढच्या फेरीच्या माशांना लागतो.

त्या हंगामात बोटीने पूर्वीपेक्षा जास्त मासे धरले असे नाही. पण लिलावात त्याच्या टोपल्यांभोवती गिऱ्हाईक आधी जमू लागले. थकलेले हप्ते पुढच्या वर्षी फिटले. ‘अनुत्पादक खर्च’ हा शब्दप्रयोग मी त्यानंतर जपून वापरू लागलो.

हे सारे आज आठवण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नाही. मासेमारीसाठी या देशात पैसा आला नाही असे कोणी म्हणू नये. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींचा मोठा प्रयोग झाला आणि त्यात इंजिनांबरोबर बर्फाचा कारखानाही होता. अलीकडे २०२० साली प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली, २०,०५० कोटी रुपयांची. तिच्यात शीतगृहे आहेत, उष्णतारोधक वाहने आहेत, बर्फपेटी लावलेल्या मोटारसायकलीदेखील आहेत. त्याआधी २०१८-१९ पासून मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळू लागले. या कार्डावरच्या खेळत्या भांडवलातून डिझेल घेता येते, बर्फ घेता येतो. हे सगळे चांगलेच आहे. पण माझी तक्रार जुनीच आहे आणि ती माझ्याच जातीच्या, म्हणजे बँकवाल्यांच्या, स्वभावाबद्दल आहे. नवी वस्तू दिसते. तिचे कोटेशन मिळते, तिच्यासमोर उभे राहून फोटो काढता येतो, तिच्यावर योजनेचे नाव रंगवता येते. जुन्या पेटीतले भिजलेले थर्मोकोल बदलण्याचे कोटेशन कोण देणार? ते काम गावातला सुतार आणि नाखवा मिळून करतात. त्याची पावती नसते. म्हणून बर्फासाठी कर्ज मिळते आणि ज्या पेटीतून तो बर्फ गळून जातो, तिच्या दुरुस्तीसाठी माणूस पतपेढीकडे नाही तर व्यापाऱ्याकडे जातो. व्यापारी पैसे देतो, पण पुढच्या मासळीचा भाव आपल्या मुठीत ठेवून देतो.

समुद्रात मासा अमाप होता तोवर ही उधळपट्टी खपली. आता तसे नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासे उतरले आणि हा गेल्या ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी वादळेही आली, हे खरे. पण कोणत्याही कोळीवाड्यात जाऊन विचारा, मासा कमी झाला हे सांगायला कोणाला आकडेवारी लागत नाही. अशा वेळी अधिक ताकदीचे इंजिन आणि अधिक लांबीचे जाळे देत राहणे म्हणजे आटत्या विहिरीवर मोठा पंप बसवणे. धरलेला मासा वाया न घालवणे हा त्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग. मऊ पडून मातीमोल भावाने गेलेला प्रत्येक बांगडा समुद्रात राहिला असता तर निदान त्याची पिल्ले झाली असती.

या विचारांत तळेगावने अनपेक्षित भर घातली. निवृत्तीनंतर आम्ही येथे स्थायिक झालो. समुद्र येथून सह्याद्रीपलीकडे. पण हे गाव काचेचे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना येथे १९०८ साली सुरू झाला. बोटी आणि पेट्या ज्या फायबरच्या होतात, तेही काचेचेच तंतू. आणि आता चाकणपासून तळेगावपर्यंत कारखान्यांची रांग. आमच्या शेजारचा तरुण अशाच एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. त्याच्याकडून ऐकतो, की तेथे प्रत्येक यंत्राला एक कार्ड टांगलेले असते : शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, सही कोणाची. यंत्र बंद पडण्याआधी दुरुस्त करणाऱ्याला तेथे बक्षीस मिळते. मी त्याला नाखव्याची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘‘काका, हे म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स झाले.’’ मला हसू आले. कारखान्यात जे शास्त्र असते, तेच किनाऱ्यावर केले की आपण त्याला ‘काहीतरी जुळवाजुळव’ म्हणतो. फरक इतकाच, की कारखान्यातले कार्ड यंत्रावर टांगलेले असते आणि नाखव्याचे त्याच्या बोटांच्या पेरांत.

त्या नाखव्याला जाऊन आता बरीच वर्षे झाली. बोट मुलगा चालवतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत नेलेल्या होत्या. तरीही त्याच्या बोटीची एक कूस फुटली आणि पेटी बांध तोडून वाहून गेली. चार दिवसांनी ती खाजणातल्या झुडपांत अडकलेली सापडली. भोवताली एवढे काही बुडाले, पण ती तरंगत राहिली, कारण पोटात कोरडे थर्मोकोल. एका बाजूचा लेप मात्र खरवडून निघाला होता.

हे मला त्याने फोनवर सांगितले. माझ्या शेजाऱ्याने त्याच्या ओळखीच्या एका भंगारवाल्याकडून पफचे, म्हणजे शीतवाहनांच्या भिंतीत असतो त्या कडक फेसाचे, उरलेले तुकडे मिळवून दिले. थर्मोकोलपेक्षा हे साहित्य थंडावा साधारण दीडपट चांगले राखते, म्हणजे तेवढ्याच जाडीत जास्त काम. कारखान्यांच्या पट्ट्यात ते कचऱ्यात जाते आणि किनाऱ्यावर ते विकत घेणे परवडत नाही. पुढच्या मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर ते तुकडे भरून मी ताम्हिणीमार्गे दापोलीकडे निघालो. सौ. पुढच्या सीटवर. ‘‘लोक कोकणातून आंबे आणायला जातात,’’ एवढेच त्या बोलल्या.

मुलाने तुकडे कापून बसवले, फटी फेसाने भरल्या आणि वरून लेप दिला. मी फक्त चटई धरायला होतो. लेप वाळल्यावर त्याने वडिलांसारखेच पेरांनी वाजवून पाहिले. चारही बाजूंना एकच आवाज. मग त्याने मला म्हटले, ‘‘काका, तुम्ही वाजवा.’’ मी वाजवले. एकेकाळी याच पेटीची ओळ मी लाल शाईने खोडली होती, हे त्याला वडिलांनी सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. मी विचारले नाही.

बँकेतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एकच सांगणे. मच्छीमाराचा अर्ज पुढ्यात आला, की इंजिन किती ताकदीचे हे विचारण्याआधी पेटीची अवस्था विचारा. शक्य झाल्यास किनाऱ्यावर जाऊन पाहा. दुरुस्तीची ओळ दिसली तर लाल पेन खिशातच राहू द्या. मच्छीमार संस्थांनी हंगाम संपता संपता, मे महिन्यात, पेट्यांच्या दुरुस्तीसाठी थोड्या मुदतीची छोटी उचल दिली, तर तिची परतफेड होणार नाही असे मला माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीवरून तरी वाटत नाही. आणि आम्हा खाणाऱ्यांसाठी : ‘ताजा आहे ना’ या प्रश्नाऐवजी ‘बर्फ किती घातला’ हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर खोटे द्यायला जरा कठीण जाते. शिवाय जी विक्रेती पदरमोड करून पुरेसा बर्फ घालते, तिच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिच्याही हातून तोच बर्फ, तेच व्याज वितळत असते.

गेल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे पेटी वाजवत होतो. विक्रेती बराच वेळ पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही. म्हणाली, ‘‘आजोबा, मासे घ्यायचे तर घ्या. पेटी विकायची नाही.’’

मी बांगडे घेतले. कोथिंबिरीपाशी उभ्या असलेल्या सौ. मोठ्याने हसल्या, तेव्हा आमची ओळख आहे हे बाजाराला कळलेच.